बारा फेऱ्यांचा हिशेब

मुंबईला जायचं तर कसं, यावर आमच्या घरात नेहमी वाद असतो. मुलगा म्हणतो, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडाही ५ जून २०२५ ला खुला झालाय, आता कसाऱ्याचा घाटही लागत नाही, गाडी काढा आणि निघा. सून म्हणते, वंदे भारत आहे की. दोघांचंही बरोबर आहे. पण गेल्या महिन्यात मी ज्याच्याबरोबर मुंबईला जाऊन आलो, त्यानं या दोन्ही वाटा ठाऊक असून तिसरीच धरली. नाशिकहून कसाऱ्यापर्यंत एसटी आणि कसाऱ्याहून लोकल.

मित्राचं नाव लिहायची मला परवानगी नाही. 'लिही काय लिहायचं ते, नाव तेवढं नको,' असं तो म्हणाला. तर त्याची एवढीच ओळख देतो. आयुष्यभर तो नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये होता आणि मी बँकेत. तो नोटा छापायचा, मी त्या मोजायचो. दोघांच्याही हातातून दिवसभर जायचे ते दुसऱ्याचे पैसे. २०१६ च्या नोव्हेंबरात मी शाखेत दारापर्यंत आणि दाराबाहेरही गेलेल्या रांगेला तोंड देत होतो, तेव्हा हा तिकडे रविवारची सुटीही न घेता पाचशेच्या नव्या नोटा छापत होता. एका रात्री मी वैतागून फोन केला, 'अरे, कधी पोचतायत तुझ्या नोटा?' तो म्हणाला, 'इथलं मी घरीही बोलत नाही, तुला काय सांगू? जेवलास का?' त्या दोन महिन्यांत मला हा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

माझ्या शाखेत त्याचं खातं होतं. घर बांधताना कर्ज मात्र त्यानं दुसऱ्या बँकेतून काढलं, आणि तेही मला वास्तुशांतीच्या जेवणात कळलं. मी रागावलो. तो म्हणाला, 'हप्ता चुकला असता तर तुला माझ्या दारात यावं लागलं असतं. तू माझ्या दारात फक्त चहाला यायचं.' हे इथे सांगायचं कारण पुढे येईल.

या वर्षी वहिनींच्या गाठीची तपासणी झाली आणि अहवाल वाईट आला. इथल्या डॉक्टरांनी सुचवलं, की उपचार सुरू करण्यापूर्वी स्लाइड आणि ब्लॉक परळला टाटा रुग्णालयात दाखवून घ्या. ब्लॉक म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवून केलेली एक चौकोनी वडी. स्लाइड म्हणजे त्याचेच पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या. कर्करोगाच्या घरात हे शब्द आठवडाभरात भाजी-भाकरीसारखे तोंडी बसतात. पेशंटनं जायची गरज नव्हती, काचा पोचल्या की झालं.

मी लगेच टॅक्सी विचारली. जाऊन-येऊन सहा हजार. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'मंगळवारी सकाळी साडेपाचला महामार्ग बसस्थानकावर ये. डबा मी आणतो.' मी म्हटलं, पैसे मी देतो. तो काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा विषय संपलेला असतो, हे मला पंचेचाळीस वर्षांपासून माहीत आहे.

नाशिक रोड स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस रेल्वे सोडून सिटीबसनं मुंबई नाक्याला येतो, याचं मला नवल वाटलं. त्याचं म्हणणं असं, की सकाळच्या गाडीचं आरक्षण मिळालेलं नाही, आणि जनरल डब्यात आत शिरतानाच काचा फुटतील. कसाऱ्याची लोकल मात्र तिथूनच सुटते. रिकामी मिळते, खिडकीही मिळते. स्वस्तात प्रवास करायचा तर खिशापेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं, हे मी आजवर लोकांना कर्ज देताना सांगत आलो होतो; करून पाहिलं नव्हतं.

तिकिटातल्या सवलती त्याला तोंडपाठ होत्या. रेल्वेत साठीच्या वरच्या पुरुषांना चाळीस टक्के सूट होती, ती २०२० च्या मार्चमध्ये गेली. कर्करुग्णाला उपचारासाठी जाताना मोठी सवलत आहे, स्लीपरला तर पूर्ण, आणि सोबतच्या एकालाही सूट मिळते. 'पण पेशंट गाडीत पाहिजे,' तो म्हणाला आणि मांडीवरच्या पिशवीवर हात ठेवला. 'ही आहे ती चालत नाही.' एसटीत पासष्टच्या वर अर्धं तिकीट, म्हणून आम्ही दोघे अर्धे. २०२३ पासून बायकांनाही अर्धं, २०२२ पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट. आमच्या बसमध्ये पुढच्या बाकावर दोन आजोबा फुकटचे होते, घोटीच्या बाजाराला निघालेल्या पाच-सहा बाया अर्ध्या होत्या, आणि आमच्या आसपास पूर्ण तिकीट काढणारा कॉलेजचा एकच पोरगा होता. कंडक्टरनं त्याच्याकडे मोठ्या आदरानं पाहिलं.

वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी. बाहेर भाताची खाचरं आणि डोंगरांवर उतरलेले ढग. घाटनदेवीपाशी बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले. मित्र देवभोळा नाही, पण या वेळी त्याचेही हात वर जाताना मी पाहिले. मांडीवरची पिशवी धरायला एक हात लागत होता, म्हणून नमस्कार एकाच हाताचा झाला.

पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात कापूस, कापसात काचांची पेटी, आणि वरून वहिनींच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. कसाऱ्याहून खर्डी, आटगावपर्यंत आम्ही राजासारखे बसलो. आसनगावपासून डबा भरू लागला, टिटवाळ्यानंतर पाय हलवायला जागा नव्हती. शेजारचा तरुण दोनदा म्हणाला, 'काका, पिशवी वर ठेवा की.' मित्र मान हलवायचा आणि पिशवी आणखी जवळ ओढायचा. शेवटी तो तरुण माझ्या कानाशी वाकला, 'एवढी रक्कम घेऊन लोकलनं कशाला येता? बँकेतून पाठवायची.' जन्मभर नोटांच्या थप्प्यांजवळ वावरलेल्या आणि दररोज दारावर झडती देऊन घरी गेलेल्या माणसावर ही शंका! आम्ही दोघेही हसलो, त्या दिवसात पहिल्यांदाच.

हसता हसता तो म्हणाला, 'मॅनेजर, तुझ्या टॅक्सीचा हिशेब केला मी. आजचा आपला खर्च दोघांचा मिळून पाचशेच्या आत आहे. म्हणजे सहा हजारांत बारा फेऱ्या.'

'बारा फेऱ्या कशाला लागतील?'

तो खिडकीबाहेर बघत राहिला. 'तपासणीला दर तीन महिन्यांनी बोलावतात म्हणे. बारा म्हणजे तीन वर्षं. लागू देत की.'

मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यात माणसं प्रेमाविषयी पानंच्या पानं बोलली आहेत. त्यांपैकी एकालाही हे वाक्य सुचलेलं नाही. औषधांचा बराचसा भार कुठून ना कुठून निघतो. जाण्यायेण्याचा, चहापाण्याचा, मुक्कामाचा निघत नाही. तो माणसानं आपापल्या डोक्यावर घ्यायचा असतो. त्यानं तो घेतला होता आणि त्याची मुदतही ठरवली होती.

दादरला गाडी बदलून परळ, तिथून पायी. रुग्णालयाच्या आजूबाजूच्या फुटपाथवर अंथरूण-पांघरूण घेऊन बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काही सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. एका बाईनं मित्राच्या हातातली पिशवी पाहून विचारलं, 'काचा का? कुठल्या तुम्ही?' नाशिक म्हटल्यावर ती म्हणाली, 'मग जवळचेच की. आम्ही गोरखपूरचे.' तिनंच कुठल्या दारानं जायचं ते दाखवलं, आणि राहायची वेळ आली तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे विचारा, असंही सांगितलं. मित्रानं ते खिशातल्या छोट्या डायरीत लिहून घेतलं.

काचा देऊन, पावती घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा दोन वाजून गेले होते. पुढचं नंतर कळणार होतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून वहिनींनी दिलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. रिकामी पिशवी आता त्यानं नुसती खांद्याला अडकवली होती, आणि तरी चालताना त्याचा हात सारखा तिच्याकडे जात होता.

परतीला पंचवटी एक्स्प्रेसची साध्या डब्यातली आरक्षणं मिळाली होती. १९७५ पासूनची आमच्या नाशिककरांची ही गाडी. पासधारकांचं तिच्यात जवळजवळ गावच वसलेलं आहे. कोण कुठे बसतो, कुणाची मुलगी लग्नाची झाली, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. कसाऱ्याला गाडी थांबली. इथून इगतपुरीपर्यंत सदतिसाला एक असा चढ आहे. १८६५ मध्ये हा घाट रेल्वेनं ओलांडला, तेव्हापासून चढाचा प्रश्न तोच आहे. म्हणून मागून जादा इंजिनं लावतात. रेल्वेच्या भाषेत त्यांना 'बँकर' म्हणतात.

मागून हलका धक्का बसला. मित्र डोळे मिटून होता, तसाच म्हणाला, 'तुझे भाऊबंद आले बघ.'

'हे बरे. तारण मागत नाहीत,' मी म्हटलं.

'आणि वर पोचलं की सोडून देतात. पुढे नाशिकपर्यंत मिरवत येत नाहीत.' मग थोड्या वेळानं, अजून डोळे मिटलेलेच, 'तू आलास ते बरं झालं. एकट्याला काचा सांभाळून लघवीलाही जाता आलं नसतं.'

बाहेर अंधार, बोगदे आणि मधूनच दरीतला एखादा दिवा. इगतपुरीला मागची इंजिनं सुटली. तोवर त्यानं डायरी काढली होती. बस, लोकल, परतीचं आरक्षण, दोन वेळचा चहा. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आखलेले बारा चौकोन होते. पहिल्यात त्यानं तारीख लिहिली आणि पान उलटलं. मी पाहिलं, हे त्याला कळलं असावं. दोघांनीही तो विषय काढला नाही.

नाशिक रोडला उतरलो. त्याला पायी घरी जायचं होतं, मला शहराची बस पकडायची होती. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. 'काचा नीट पोचल्या ना? आणि भावजी जेवले का?' तो 'हो, हो' म्हणत राहिला. फोन ठेवून त्यानं खिशात हात घातला, सुटे मोजले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

'तुझे सात रुपये निघतात.'

मी ते घेतले.