चमचाभर म्हणजे किती?

मूल तापाने फणफणले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिले आहे, पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम. घरात पातळ औषधाची बाटली आहे. आता त्यातून ओतायचे किती? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेले असते, "द्या एक चमचा!" पण चमचा कोणता? चहाचा की पोह्यांचा? आणि बाटली तरी कोणती?

येथे दोन मापे आहेत, त्यांची गल्लत होता कामा नये. मिलिग्रॅम हे औषधाचे वजन, तर मिलिलिटर हे पातळ पदार्थाचे माप. दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्या. एकात गुळाचा एक खडा टाका, दुसऱ्यात तसेच दोन. पाणी तेवढेच, पण गूळ दुप्पट! औषधाच्या बाटल्यांचेही तसेच असते.

दवाखान्यातल्या नर्सबाई जो हिशेब करतात, तो आपल्या शाळेतल्या त्रैराशिकाचाच. समजा, मुलाचे वजन १० किलो आहे. डॉक्टरांनी दर किलोला १५ मिलिग्रॅम धरून १५० मिलिग्रॅम सांगितले. बाटलीवर लिहिले आहे, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. तर १५० ला ५ ने गुणा आणि १२५ ने भागा. उत्तर आले ६ मिलिलिटर. बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची असेल, तर ३ मिलिलिटरच पुरे. तान्ह्या बाळांसाठी थेंबांची छोटी बाटली मिळते. तिच्यातले औषध बहुधा फार तीव्र असते. १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम! त्यातले दीड मिलिलिटर झाले की १५० मिलिग्रॅम भरले.

आता धोका कोठे आहे पाहा. "मागे सहा मिलिलिटर दिले होते" म्हणून कोणी या छोट्या बाटलीतून सहा मिलिलिटर पाजले, तर पोटात ६०० मिलिग्रॅम जातील, म्हणजे चौपट. जादा पॅरासिटामॉलने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, आणि पहिल्या दिवशी बाहेरून फारसे काही दिसतही नाही. म्हणून जास्त औषध गेले असे कळताच, त्रास होण्याची वाट न पाहता, बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

तेव्हा मंडळी, एवढे सांभाळा. बाटली बदलली की हिशेब नव्याने करा, नाहीतर औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात विचारून घ्या. औषध आधी चांगले हलवा. बाटलीबरोबर मिळालेल्या मापानेच मोजा. माप सपाट जागी ठेवून डोळे त्याच्या रेषेपाशी आणा. दोन मात्रांमध्ये सांगितले तेवढे तास जाऊ द्या.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, दशांशचिन्हाचे महत्त्व मुलांना पटत नाही अशी आपली तक्रार असते. १.५ मधला टिंब वाचायचा राहिला, की दीडाचे पंधरा होतात. वर्गात एखादी रिकामी बाटली न्या, तिच्यावरचे आकडे मुलांकडून वाचून घ्या आणि हे गणित फळ्यावर सोडवा. घरी आईला जे बारीक अक्षर वाचता येत नाही, ते उद्या तिचे मूल वाचून दाखवील.