माळवदाचा गारवा आणि माळवदाचा भार

मराठवाडा, सोलापूर आणि खानदेश या कोरड्या पट्ट्यातील जुन्या शेतकरी घराला उतरते छप्पर नसते. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी खांबांची चौकट आणि त्यावर चोपून बसवलेल्या मातीचे सपाट छत अशी त्याची मूळ रचना असते. या छताला कुठे माळवद, तर कुठे धाबे म्हणतात. जिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या कोकणात असे छत एक पावसाळाही तगले नसते, परंतु साधारण सातशे मिलिमीटर पावसाच्या आणि चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्याच्या प्रदेशात पाण्यापेक्षा उन्हाचा बंदोबस्त महत्त्वाचा ठरतो, आणि तो या घराने विलक्षण चोख केला आहे.

दोन खांबांमधील किंवा दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात आणि घराचा विस्तार खणांतच मोजला जातो, कारण बाभूळ, लिंब किंवा सागाचे जेवढे सरळ लाकूड मिळेल तेवढीच खणाची लांबी ठरते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर लाकडाच्या बारीक फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाचोळा वा तुराट्यांचा थर आणि सर्वांत वर माती असा छताचा क्रम असतो. ही माती शेतातली काळी माती नसते. काळ्या मातीतील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसून भेगाळतात, त्यामुळे ती छतावर घातली तर पहिल्याच उन्हाळ्यानंतर पाणी झिरपू लागेल. म्हणून छतासाठी गावठाणाची पांढरी माती आणतात. चुनखडीचे कण आणि शतकानुशतकांची चुलीची राख मिसळलेली ही माती कमी फुगते आणि चोपली की घट्ट बसते. तिचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. पांढरीची टेकाडे म्हणजे पुष्कळदा जुन्या वस्त्यांची ढासळलेली घरेच होत, आणि घरांसाठी माती खणताना पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाचे किती थर नाहीसे झाले याची गणती करणे आता शक्य नाही.

अशा वस्त्यांचा इतिहास किती मागे जातो हे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावच्या उत्खननाने दाखवले. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी 1968 ते 1983 या काळात तिथे इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या कालखंडातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या आयताकृती घरांच्या मातीच्या भिंती ठेंगण्या होत्या आणि वर कुडाचे, गवताने शाकारलेले छप्पर असावे असे मानले जाते, म्हणजे माळवद तिथे नाही. पण जमिनीत खणलेली धान्याची कोठारे आहेत. पेव या नावाने हीच युक्ती अलीकडच्या काळापर्यंत टिकली. तोंड बंद केलेल्या पेवात ज्वारीचे दाणे आणि त्यांतील किडे श्वसनाने प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड आपोआप मरते. याच कारणाने पेव उघडल्यावर त्यात मोकळी हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरणे जिवावर बेतते. घराच्या आत, भिंतीच्या जाडीत ठेवलेल्या धान्याच्या जागेला बळद म्हणतात.

माती आणि दगड उष्णता सावकाश वाहून नेतात आणि पुष्कळ साठवतात, त्यामुळे दुपारच्या उन्हाची लाट साठ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीतून आत पोहोचायला दहा-बारा तासांहून अधिक वेळ लागतो आणि तोपर्यंत तिचा जोरही बराच ओसरलेला असतो. पठारावर उन्हाळ्यातही रात्र बरीच थंड होत असल्याने भिंती साठवलेली ऊब बाहेर सोडून पुन्हा तयार होतात. छतातील साणे, म्हणजे उजेडासाठी व धूर जाण्यासाठी ठेवलेले भोक, वर चढणारी गरम हवा बाहेर काढते. उन्हाळ्यात घरातली माणसे रात्री माळवदावर झोपतात, तीही याच हिशेबाने.

या गारव्याची किंमत वजनात मोजावी लागते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी माळवदावर मातीचा नवा हात दिला जाई, जुनी माती मात्र क्वचितच काढली जाई, त्यामुळे पिढ्यांगणिक थर वाढत जाऊन अर्धा मीटर किंवा त्याहूनही जाड झाला. एक घनमीटर मातीचे वजन सुमारे 1600 किलो धरले, तर अर्धा मीटर जाडीच्या छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर 800 किलो भार येतो, आणि दहा फूट लांब-रुंद खोलीच्या डोक्यावर सात टनांहून अधिक माती असते. उभा भार खांब पेलतात. भूकंपात मात्र वस्तुमानाच्या प्रमाणात आडवे बल निर्माण होते, आणि त्याचा विचार या बांधणीत नव्हता.

30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, मराठवाड्यातील किल्लारी परिसरात 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला आणि झोपेतली हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. घरे ढासळली ती प्रामुख्याने भिंतींमुळे. त्या बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन पाळ्यांत रचलेल्या, मधे दगडगोटे भरलेल्या आणि नुसत्या मातीत बांधलेल्या होत्या. दोन्ही पाळ्यांना जोडणारा आरपार दगड नसल्याने हादऱ्यासरशी त्या एकमेकींपासून सुटल्या. काही घरांत भिंती पडूनही लाकडी चौकट उभी राहिली, त्यामागचे कारण एवढेच की तिथे छत भिंतीवर टेकलेले नव्हते. काश्मीर आणि हिमाचलात वारंवार हादरे बसत असल्याने भिंतीत लाकडी पट्टे घालण्याची रीत रुजली. किल्लारीचा प्रदेश त्या वेळच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता, तेव्हा गावच्या गवंड्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवली गेली आणि सिमेंटच्या छताची घरे आली. दहा-बारा सेंटिमीटरचे काँक्रीट दुपारचे ऊन तीन-चार तासांत आत पोहोचवते, म्हणजे माणसे घरी परततात त्याच सुमारास खोली तापते. शिल्लक जुन्या घरांसाठी अभियंत्यांनी सुचवलेले उपाय माळवद मोडायला सांगत नाहीत: भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड बसवणे, दारांच्या वर सलग पट्टा फिरवणे, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके आधार देणे, आणि साचलेली माती उतरवून थर पातळ करणे. थर निम्मा केला, तर मातीमुळे येणारे आडवे बलही निम्मे होते, आणि उरलेल्या मातीखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला, तर गळतीच्या भीतीने दरवर्षी नवी माती चढवण्याचे कारणही राहत नाही.