एसी थंड होईना? गॅस भरण्याआधी दोन वायरी तपासा

उन्हाळा चढू लागला की तुमसर-भंडारा पट्ट्यातल्या गॅरेजमध्ये जुन्या मोटारींच्या दोन तक्रारी जोडीने येतात. पहिली, ‘एसी थंडच करत नाही’. दुसरी, ‘एसी लावला की गाडी दम सोडते, सिग्नलला बंद पडते’. दोन्हींवरचे उपायही जणू ठरलेले असतात. पहिलीसाठी गॅस भरायचा आणि दुसरीसाठी ॲक्सिलरेटरची वायर जरा आवळून द्यायची.

गॅसचा खर्च पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा होतो. आवळलेली वायर त्याहून महाग पडू शकते, कारण तिचा संबंध थेट गाडीच्या ताब्याशी आहे. दोन्ही ठिकाणी मूळ दोष बहुतेक वेळा वेगळाच असतो, आणि गाडीमालकाला त्यातला निम्मा स्वतः ओळखता येतो.

तुमसरच्या गाड्यांचे दुखणे वेगळे का?

हा तालुका धानाचा, राइस मिलचा आणि मँगनीजचा. डोंगरी बुजरुक आणि चिखला इथल्या मॉइलच्या खाणी याच तालुक्यात आहेत. मिलमधून उडणारा कोंडा, धान कापणीच्या दिवसांतला कचरा, खनिज आणि रेती वाहणाऱ्या ट्रकांमागची धूळ, हे सगळे मोटारीच्या तोंडावर आदळते. एसीचा कंडेन्सर नेमका तिथेच असतो. समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे.

त्यात विदर्भाचे ऊन. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच ४५ अंश असेल तर उष्णता सोडण्यासाठी कंडेन्सरला ६० ते ७० अंशांपर्यंत तापावे लागते. त्याच्या पात्यांत कोंडा आणि धूळ अडकलेली असेल तर तो तापतो, पण उष्णता सोडत नाही. गॅस पूर्ण असूनही आत कोमट हवा येते.

याची खूण सोपी आहे. गाडी पळताना एसी थंड आणि बाजारात थांबली की गरम, असे होत असेल तर संशय आधी कंडेन्सरवर आणि त्याच्या पंख्यावर घ्यावा. एसी लावल्यावर पुढचा पंखा फिरतो का, ते बॉनेट उघडून पाहता येते. मात्र पंखा कधीही अचानक सुरू होतो, त्यामुळे हात लांब ठेवावा. कंडेन्सर इंजिन थंड असताना साध्या नळीच्या पाण्याने, शक्य तिथे मागून पुढे धुवावा. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने त्याची नाजूक पाती वाकतात, मग हवेची वाटच बंद होते.

आतली हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या खणामागे असतो. काही स्वस्त मॉडेलमध्ये कंपनीने तो दिलेलाच नसतो. तेव्हा धूळ थेट कूलिंग कॉइलवर बसते आणि साफसफाईचे काम वाढते.

गरम-थंडच्या बटणामागची वायर

सायकलच्या ब्रेकची वायर सगळ्यांनी पाहिली आहे. बाहेरून घट्ट नळी, आत सरकणारी पोलादी तार. अर्नेस्ट बोडन याच्या नावाने ती ओळखली जाते. त्याचे पेटंट १८९६ चे. साध्या एसीच्या अनेक मोटारींत तापमानाचे गोल बटण फिरवले की अशीच एक वायर डॅशबोर्डच्या आत ओढली जाते आणि हवेच्या वाटेतली झडप सरकते. झडप एका टोकाला गेली की हवा फक्त कूलिंग कॉइलवरून येते. दुसऱ्या टोकाला गेली की ती हीटरमधून जाते, जिथे इंजिनाचे गरम पाणी फिरत असते.

वायर ढिली झाली किंवा तिची क्लिप निसटली, तर बटण ‘थंड’वर असूनही झडप पूर्ण बंद होत नाही. कॉइल हवा थंड करते आणि हीटर तिला पुन्हा गरम करतो. अशा गाडीत कितीही गॅस भरला तरी फरक पडत नाही.

परीक्षा घरच्या घरी होते. इंजिन तापल्यावर, गाडी चालू रस्त्यावर असताना एसी बंद करा, फक्त ब्लोअर ठेवा, बटण पूर्ण थंडवर आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडा. आत येणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा चांगलीच गरम लागली, तर झडप गळते आहे. बटण फिरवताना ते सैल वाटणे किंवा गरम-थंडमध्ये काहीच फरक न पडणे, हीदेखील तीच खूण. वायर पुन्हा बसवणे हे छोटे काम आहे, फक्त डॅशबोर्डखाली वाकून पाहण्याची मेकॅनिकची तयारी हवी.

ज्या गाड्यांत तापमानाचा आकडा लावायचा ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असतो, तिथे वायरऐवजी छोटी मोटार झडप हलवते. तिचे प्लॅस्टिकचे दाते झिजले की डॅशबोर्डमधून टिकटिक ऐकू येते. या यंत्रणेला केबिनचे तापमान सांगणारा सेन्सर डॅशबोर्डवर एका लहान जाळीमागे असतो. त्यावर धूळ साचली किंवा मोबाइलचा स्टँड चिकटवला, तर आकडा २२ आणि अंगाला घाम, असा प्रकार होतो.

गॅस कमी आहे, हे ठरवायचे कसे?

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी नळ्या आणि सांध्यांतून वर्षानुवर्षांत किंचित पाझर होतो, पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. गळतीच्या जागी अनेकदा तेलाचा ओलसर डाग दिसतो, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅससोबत फिरत असते आणि त्याच्यासोबतच बाहेर येते. साबणाचे पाणी, नायट्रोजनचा दाब किंवा अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग वापरून जागा पक्की करता येते.

इथे मीटरच्या काट्याबद्दलचा एक गैरसमज दूर करायला हवा. नळीत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी दाब ठरतो तो तापमानावर. गॅस किती शिल्लक आहे यावर नाही. सध्याच्या बहुसंख्य जुन्या गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. त्याचा दाब ० ते ५ अंशांना साधारण २८ ते ३६ पीएसआय असतो, म्हणजे जवळपास मोटारीच्या टायरइतका. ६० अंशांना तो सुमारे २३० आणि ७० अंशांना २९० पीएसआयवर जातो. म्हणून मे महिन्यात काटा वर दिसतो म्हणून ‘गॅस जास्त’ आणि जानेवारीत खाली दिसतो म्हणून ‘गॅस कमी’, हा निष्कर्ष काट्यावरून काढता येत नाही. दोन्ही बाजूंचे दाब, बाहेरचे तापमान आणि जाळीतून येणाऱ्या हवेचे तापमान एकत्र पाहावे लागते.

खात्रीची पद्धत एकच, वजन. बॉनेटखालच्या स्टिकरवर किती ग्रॅम गॅस हवा ते छापलेले असते. लहान गाड्यांत हा आकडा साधारण ३०० ते ५०० ग्रॅमच्या घरात असतो, त्यामुळे शंभर ग्रॅमची चूकही मोठी ठरते. जास्त भरला तर उन्हात दाब इतका वाढतो की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. गिऱ्हाईक ‘अजून कमी आहे’ म्हणून पुन्हा गॅस भरायला येतो!

आधी उरलेला गॅस यंत्राने काढून घेणे, मग व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवणे, पंप बंद करून काटा स्थिर राहतो का ते पाहणे आणि शेवटी वजन करून भरणे, असा क्रम असतो. व्हॅक्यूम केवळ हवा काढण्यासाठी नसतो. दाब इतका खाली गेल्यावर नळ्यांतला ओलावा साध्या तापमानाला उकळून वाफ होतो आणि निघून जातो. तो राहिला तर बारीक वाटेत बर्फ होऊन अडतो, तेलात आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसर खातो. दहा मिनिटांत गॅस भरून मिळतो तिथे हाच टप्पा गाळलेला असतो. किती ग्रॅम निघाला आणि किती भरला, हे बिलावर लिहून घ्यावे. स्वयंपाकाच्या गॅससारखा ज्वलनशील वायू थंडावा देतो म्हणून कोणी भरू पाहील, तर गाडी तिथून काढावी.

एसी लावला की इंजिन का बसते?

आता ॲक्सिलरेटरची वायर. जुन्या मारुती ८००, ओम्नी, आल्टो, वॅगन-आर अशा गाड्यांत पेडलपासून थ्रॉटलच्या झडपेपर्यंत बोडनचीच तार जाते. पाय काढला की स्प्रिंग झडप बंद करते. मात्र बंद झडपेतही इंजिन चालू राहावे एवढी हवा लागते, आणि एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर आला की ओझे वाढते. ८०० सीसीच्या इंजिनाला ते लगेच जाणवते. म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत एक छोटी व्हॅक्यूम यंत्रणा, तर इंजेक्शनच्या गाडीत आयडल व्हॉल्व्ह, एसी लागताच थोडी जास्त हवा सोडतो.

थ्रॉटल बॉडीत काजळी साचली किंवा हा व्हॉल्व्ह अडकला, की ती हवा मिळत नाही आणि गाडी बंद पडते. उपाय आहे सफाई. पण वेळ वाचवण्यासाठी वायर आवळली जाते, म्हणजे पाय नसतानाही झडप किंचित उघडी राहते. गाडी बंद पडायची थांबते, गिऱ्हाईक खूश.

त्याची किंमत पुढे दिसते. एसी बंद केला तरी इंजिन चढ्या आवाजात फिरते. पाय उचलल्यावर गाडीचा वेग हवा तसा उतरत नाही. इंजेक्शनच्या गाडीत संगणकाला पाय अजून पेडलवरच आहे असे वाटते, त्यामुळे उतारावर बंद व्हायला हवे ते पेट्रोल जळत राहते. आणि ताणलेली तार लवकर झिजते.

वायरीत पायाखाली थोडी ढील असायलाच हवी. किती मिलिमीटर, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असते. तपासणीही सोपी आहे. इंजिन बंद ठेवून एकाने पेडल पूर्ण दाबावे, दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे. झडप पूर्ण उघडली पाहिजे, आणि पाय काढताच खटकन बंद झाली पाहिजे. हळूहळू परत येणारी वायर उद्या अडकणारी वायर आहे. दोन्ही टोकांना एखादा धागा तुटलेला दिसला तर गाठ मारून भागवू नये, वायर बदलावी. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या वायरीत तेल किंवा ग्रीस सोडले की इथली धूळ त्यात कालवली जाते आणि तीच वायर जड चालते.

चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर अडकला तर?

कारण नेहमी वायरच असते असे नाही. पेडलखाली सरकलेला पायपोसही पुरतो. टोयोटाने २००९-१० मध्ये पायपोस आणि अडकणाऱ्या पेडलच्या तक्रारींवरून अमेरिकेसह जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. एकावर एक दोन पायपोस टाकण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच धोक्याची.

अशा वेळी ब्रेक एकदाच जोरात दाबून धरावा, पंप करू नये. थ्रॉटल उघडा असताना पेट्रोल इंजिनात व्हॅक्यूम तयार होत नाही, आणि ब्रेकला मदत करणारा साठा एक-दोन दाबण्यांत संपतो. लगेच क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावे. गाडी कडेला थांबल्यावर ते बंद करावे. चालत्या गाडीची किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

नव्या गाड्यांत काय वेगळे?

आता बहुतेक नव्या मोटारींत ही वायर राहिलेली नाही. पेडलचा सेन्सर संगणकाला सांगतो आणि विजेची मोटार झडप उघडते. या थ्रॉटल बॉडीची सफाई करताना झडप बोटाने ढकलू नये, आतले दाते बिघडतात. सफाईनंतर अनेक मॉडेलमध्ये स्कॅनर लावून झडपेची ‘बंद’ जागा संगणकाला पुन्हा शिकवावी लागते. ते न केल्यास आयडलिंग डुलत राहते आणि दोष पुन्हा एसीच्या माथी येतो.

गॅसही बदलतो आहे. आर-१३४ए ओझोनला अपाय करत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,३०० ते १,५०० पट तापमानवाढ करतो. अशा वायूंचा वापर घटवण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला. भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली आणि आपली घट २०३२ पासून सुरू होईल. त्यामुळे काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा, बराच महाग वायू असतो. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत, नळ्यांची जोडणीही वेगळी असते. गाडीत कोणता वायू आहे ते बॉनेटखालच्या त्याच स्टिकरवर, ग्रॅमच्या आकड्याशेजारी छापलेले असते. इंजिनाच्या उष्णतेने आणि धुण्याने हे स्टिकर पुसट होते, तेव्हा त्याचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवावा.