बबीन्याचं मैदान आणि कलम 4

झाशी स्टेशनावर उतरून इलाइट चौराह्यापर्यंत आलेल्या मराठी माणसाचा पुढचा बेत ठरलेला असतो. किल्ला, राणीमहाल, गणेश मंदिर. नेवाळकर रत्नागिरीकडचे, गोडसे भटजी वरसईचे, 1858 चा वेढा, तोफा, गुलाम गौस खान: या सगळ्यावर दिवाळी अंकांतून इतकं छापून आलं आहे की मी त्यात भर घालत नाही. मला ओढ आहे ती ललितपूरच्या रस्त्याची. त्या रस्त्यावर शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर बबीना छावणी आहे, आणि छावणीला लागून लष्कराचं गोळीबार सरावाचं अफाट मैदान. रणगाडे आणि तोफा यांचं हे राज्य. माणूस अंतराळातून जिवंत परत येईल की नाही, याची एक कसोटीही याच मैदानावर लागते.

18 नोव्हेंबर 2022. हवाई दलाचं आयएल-76 हे अवजड मालवाहू विमान अडीच किलोमीटर उंचीवर आलं आणि त्याने पाच टनांचं एक धूड खाली सोडलं. 'गगनयान'मधली माणसं ज्या कुपीत बसणार, तिच्या वजनाची ही नक्कल. दारूच्या छोट्या स्फोटांनी दोन लहान पॅराशूटं बाहेर फेकली गेली, त्यांनी दोन मुख्य पॅराशूटं ओढून काढली. ही मुख्य पॅराशूटं पंचवीस मीटर व्यासाची. ती एका दमात उघडली तर बसणाऱ्या हिसक्याने दोऱ्या तुटतील, कापड फाटेल. म्हणून त्यांची तोंडं बटव्याची नाडी ओढावी तशी आवळून ठेवलेली असतात. सात सेकंदांनी, पुन्हा दारूच्याच जोरावर चालणाऱ्या कातऱ्यांनी ती दोरी कापली आणि दोन्ही पॅराशूटं पूर्ण फुलली. विमानातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत दोन-तीन मिनिटांचा खेळ.

कुपीत एकूण दहा पॅराशूटं असतात. त्यांतली मुख्य तीन, आणि सुखरूप उतरायला दोन पुरतात. बबीन्याला नेमकं हेच पाहायचं होतं, की तिसरं उघडलंच नाही तर काय. 3 नोव्हेंबर 2025 ला याच मैदानावर पुढची अडचण मुद्दाम घडवून आणली: दोन मुख्य पॅराशूटांपैकी एकाची आवळलेली दोरी दुसऱ्यापेक्षा उशिरा सुटली, एका बाजूला ओढ जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी, तर धूड कसं वागतं? तेही सुखरूप उतरलं. अशा चाचण्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत संपतात. खरं तर भारताच्या मानवी अंतराळमोहिमेतला सर्वांत वाचनीय भाग हाच आहे असं माझं मत.

आता या चाचणीला कोण कोण हजर होतं ते पाहा. पॅराशूट प्रणालीवर 'इस्रो'चं तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र काम करतं. त्याच्या जोडीला संरक्षण संशोधनाच्या 'डीआरडीओ'ची आग्र्याची प्रयोगशाळा. विमान हवाई दलाचं, मैदान लष्कराचं. पुढे त्या कुपीत बसण्यासाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला हे चौघेही हवाई दलाचे अधिकारी. मग ही मोहीम नागरी की लष्करी?

निःशस्त्रीकरणाच्या जुन्या कागदपत्रांचा मला पुष्कळ वर्षांचा नाद आहे, आणि त्या नादात हा प्रश्न 1966 सालच्या एका भांडणापर्यंत घेऊन जातो. त्या वर्षी 16 जूनला अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनी अंतराळ कराराचे आपापले मसुदे संयुक्त राष्ट्रसंघात मांडले. उन्हाळ्यात जिनिव्हाला कायदेविषयक उपसमिती बसली, पुढे न्यूयॉर्कला. अण्वस्त्रं आणि इतर सामूहिक संहाराची शस्त्रं कक्षेत ठेवायची नाहीत, यावर फारसा वाद नव्हता. तिढा पडला तो भलत्याच ठिकाणी. चंद्रावर आणि इतर खगोलांवर लष्करी तळ नको, हे दोघांनाही मान्य. वैज्ञानिक कामासाठी गणवेशातली माणसं गेली तरी हरकत नाही, हेही मान्य. दोघांचेही अंतराळवीर बव्हंशी लष्करी वैमानिकच होते, दुसरं बोलणार काय? पण लष्कराची सामग्री चालेल का? सोव्हिएत संघ म्हणे नाही. अमेरिकेचे प्रतिनिधी आर्थर गोल्डबर्ग 1959 च्या अंटार्क्टिका कराराचा दाखला देत. तिथे शांततेच्या कामासाठी सैनिकही चालतात आणि त्यांची सामग्रीही. लष्कराचं काहीच वापरायचं नाही म्हटलं तर मोहीम निघणार कशी, असा त्यांचा मुद्दा. शेवटी सोव्हिएत बाजूने माघार घेतली. करारातल्या कलम 4 च्या शेवटी आज जे वाक्य आहे, की शांततेच्या शोधकामाला लागणारी कोणतीही सामग्री वापरायला मनाई नाही, ते या ओढाताणीतून आलं. ते लिहिलंय चंद्राबद्दल, पण बबीन्याचं मैदान, आयएल-76 आणि आग्र्याची पॅराशूटं ज्या समजुतीवर उभी आहेत ती समजूत हीच.

याच चर्चेत भारताने एक वेगळाच प्रश्न उपस्थित केला होता. चंद्र आणि ग्रह 'केवळ शांततामय' कामांसाठी, असं मसुदा म्हणतो. मग पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या अफाट पोकळीला तेच बंधन का नाही? प्रश्न बिनतोड होता. उत्तर सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते मोठ्याने देणार नव्हतं. टेहळणीचे उपग्रह दोन्ही महासत्तांचे त्या पोकळीत केव्हाच फिरू लागले होते, क्षेपणास्त्रांना तिच्यातूनच जावं लागतं. पोकळी मोकळी राहिली. सामूहिक संहाराची शस्त्रं वगळता बाकीच्या शस्त्रांबद्दल कलम 4 गप्प आहे. भारताने 3 मार्च 1967 ला सही केली. अधिकृत मान्यता द्यायला मात्र जानेवारी 1982 उजाडला.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. थुंब्याहून 21 नोव्हेंबर 1963 ला उडालेल्या पहिल्या अग्निबाणाचा खालचा टप्पा मुळात अमेरिकेच्या 'नाइकी' या विमानवेधी क्षेपणास्त्राचा. शांततेचं आपलं पहिलं पाऊलही युद्धाच्या सामग्रीवरच पडलं होतं. पुण्याचे वसंत गोवारीकर ब्रिटनमध्ये हार्वेल आणि समरफील्डचा अनुभव घेऊन 1967 ला थुंब्याला आले आणि घन इंधनाचं देशी तंत्र उभं करण्यात त्यांनी उमेद ओतली. मराठी वाचक त्यांना मॉन्सूनच्या सोळा घटकांच्या प्रारूपामुळे ओळखतो. ते विक्रम साराभाई केंद्राचे संचालक असताना 18 जुलै 1980 ला एसएलव्ही-3 ने 'रोहिणी' कक्षेत नेला. दोन वर्षांनी त्या अग्निबाणाचे प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम 'डीआरडीओ'त गेले, आणि 22 मे 1989 ला उडालेल्या 'अग्नी'चा पहिला टप्पा एसएलव्ही-3 च्या घन इंधनाच्या मोटरीवरच बेतलेला होता. 'इस्रो' सोवळ्यातली आणि 'डीआरडीओ' ओवळ्यातली, ही आपली लाडकी विभागणी इथेच मोडते. मोडली म्हणून मला वाईट वाटत नाही. ती आहे असं भासवत राहण्याचा मात्र कंटाळा येतो.

भासवणं दिल्लीतही चालू होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. 28 जानेवारी 1985 ला राजीव गांधींच्या यजमानपदाखाली अर्जेंटिना, ग्रीस, भारत, मेक्सिको, स्वीडन आणि टांझानिया या सहा देशांनी दिल्ली जाहीरनामा काढला. त्यात ठळक मागण्या दोनच: अंतराळातली शस्त्रस्पर्धा रोखा आणि अणुचाचण्या पूर्ण बंद करा. रेगन यांची 'स्टार वॉर्स' योजना तेव्हा जोरात होती. त्याच वर्षी 13 सप्टेंबरला अमेरिकेच्या एफ-15 विमानातून सुटलेल्या क्षेपणास्त्राने 'सोलविंड' हा चालू उपग्रह फोडला. जाहीरनाम्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता माझा आवडता कागद. 27 मार्च 2019, लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू, आणि पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून 'मिशन शक्ती' जाहीर केलं: ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून सुटलेल्या क्षेपणास्त्राने भारताचाच एक उपग्रह टिपला होता. (निवडणूक आयोगाने पुढे आचारसंहितेचा भंग झाला नसल्याचं ठरवलं.) त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने प्रश्नोत्तरांचा एक कागद प्रसिद्ध केला. सरकारी गद्याचा असा नमुना क्वचित हाती लागतो. त्यात एक वाक्य सांगतं की अंतराळ कचरा होऊ नये म्हणून चाचणी खालच्या वातावरणात केली. लगेच पुढचं वाक्य सांगतं की जो कचरा होईल तो काही आठवड्यांत खाली पडेल. कचरा नाही, आणि आहे तो पडेल! शिवाय चाचणीची उंची सुमारे 283 किलोमीटर. ते खालचं वातावरण असेल, तर ज्या अंतराळसत्तांच्या पंक्तीत बसल्याचा त्या दिवशी गजर झाला, ती पंक्ती तरी कुठे मांडली होती?

पण त्या कागदातलं खरं उत्तर पुढे आहे. अंतराळ करार फक्त सामूहिक संहाराच्या शस्त्रांना मनाई करतो, साध्या शस्त्रांना करत नाही. सबब आपण कोणताही करार मोडलेला नाही. कायद्याने हे अक्षर न अक्षर खरं आहे. ज्या फटीबद्दल भारताने 1966 साली तक्रार केली होती, तीच फट 2019 साली भारताचा बचाव झाली. 'आम्ही बदललो, कारण 11 जानेवारी 2007 ला चीनने आठशे किलोमीटरहून उंचावर स्वतःचा हवामान उपग्रह फोडला आणि तीन हजारांहून अधिक तुकडे मागे ठेवले' असं सरळ म्हटलं असतं तर मला ते अधिक पटलं असतं. कारण ते कारण भक्कम आहे. शेजाऱ्याकडे ती ताकद असताना आपले उपग्रह उघड्यावर ठेवून नैतिक उपदेश करणं कुठल्याही सरकारला परवडणारं नव्हतं.

फोडलेला उपग्रह 'मायक्रोसॅट-आर', 740 किलोंचा, 24 जानेवारी 2019 ला पीएसएलव्ही-सी44 ने सोडलेला. त्याच उड्डाणात विद्यार्थ्यांनी बनवलेला 'कलामसॅट' हा छोटा उपग्रहही होता. 'मायक्रोसॅट'ला 274 किलोमीटरवर सोडून चौथा टप्पा वर गेला आणि साडेचारशे किलोमीटरच्या कक्षेत फिरत राहिला, मुलांचं उपकरण पोटात घेऊन. एकाच अग्निबाणाने शाळेचं काम केलं आणि चांदमारीचं लक्ष्यही जागेवर नेऊन ठेवलं. नागरी आणि लष्करी यांची सीमा कुठे, याचं याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही.

1 एप्रिलला 'नासा'चे प्रमुख जिम ब्रायडनस्टाइन यांनी संताप व्यक्त केला. मागोवा घेता येतील असे साठेक तुकडे, आणि त्यांतले चोवीस आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेपेक्षा वर उडालेले. 'डीआरडीओ'चे प्रमुख सतीश रेड्डी म्हणाले, पंचेचाळीस दिवसांत सगळं खाली येईल. बहुतेक तुकडे लवकर जळाले हे खरं, पण काही वर्ष उलटल्यावरही फिरत होते. समोरासमोरच्या धडकेत थोडे तुकडे वर फेकले जाणारच. 283 चा आकडा कितीही विचारपूर्वक निवडलेला असो, तुकड्यांना तो कोण सांगणार? आणि 'गगनयान' ज्या कक्षेत जाणार ती चारशे किलोमीटरच्या सुमाराची. बबीन्याला आपण ज्या कुपीची पॅराशूटं एकेक बिघाड गृहीत धरून तपासतो, त्या कुपीच्या वाटेवर आपणच तुकडे उडवून पाहिले होते. माणसं बसायच्या आधी, सुदैवाने.

15 नोव्हेंबर 2021 ला रशियाने 'कॉसमॉस-1408' फोडला. दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. स्थानकातल्या अंतराळवीरांना, त्यांत खुद्द रशियाचेही, परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. चार दिवसांनी, राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीला, पंतप्रधान झाशीत होते. संरक्षण उद्योग पट्ट्यात रणगाडाभेदी क्षेपणास्त्रांच्या प्रणोदन यंत्रणा बनवणाऱ्या 'भारत डायनॅमिक्स'च्या 400 कोटींच्या कारखान्याची पायाभरणी त्यांनी केली. म्हणजे क्षेपणास्त्रांचं इंजिनकाम आता झाशी जिल्ह्यातही. कॉसमॉसच्या तुकड्यांची चर्चा त्या गर्दीत कोण करणार!

पुढच्या वर्षी अमेरिकेने पुढाकार घेतला. असे उपग्रह फोडण्याचे प्रयोग आम्ही करणार नाही, असं एप्रिल 2022 मध्ये जाहीर करून इतरांनीही तसं म्हणावं असा ठराव आमसभेत आणला. 7 डिसेंबर 2022 ला मतदान झालं: 155 बाजूने, 9 विरुद्ध, 9 तटस्थ. विरोधात रशिया आणि चीन. तटस्थांत भारत. बबीन्याच्या पहिल्या चाचणीला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

तटस्थतेमागचं आपलं म्हणणं जुनंच आहे: ऐच्छिक शपथा नकोत, सर्वांना बांधणारा कायदा हवा. त्यात तथ्य आहे. अमेरिकेने स्वतःचे प्रयोग उरकून घेतल्यावर ही शपथ घेतली, आणि 1968 च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराची जखम ज्या देशाला आहे त्याला असा उशिराचा साधुपणा पचत नाही. तरीही ते मत चुकलं असं मला वाटतं. अण्वस्त्रप्रसारबंदीत आपल्याला वगळून दार बंद झालं होतं. इथे तर आपली चाचणी होऊन गेली होती, आपण दाराच्या आत होतो. पुन्हा फोडणार नाही असं म्हणण्याने आपलं काहीच जात नव्हतं. आणि चारशे किलोमीटरवर माणसं पाठवू पाहणाऱ्या देशाला त्या ठरावाची गरज इतर 155 देशांतल्या बहुतेकांपेक्षा जास्त होती.

एप्रिल 2024 मध्ये 'इस्रो'चे तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ यांनी जाहीर केलं की 2030 पर्यंत भारतातल्या सगळ्यांच्या, सरकारी आणि खासगी, अंतराळमोहिमा कचरामुक्त असतील. ध्येय उत्तम आहे. एक तांत्रिक शंका उरते. 2019 साली अब्दुल कलाम बेटावरून सुटलेलं क्षेपणास्त्र स्वतः कक्षेत कधी गेलंच नव्हतं; ते वर गेलं, धडकलं आणि संपलं. मग या घोषणेच्या हिशोबात ती अंतराळमोहीम धरायची की नाही?