लपवलेला डाग



दहिवलीजवळच्या एका वाडीवर प्रार्थनेनंतर एक कातकरी भगिनी मागे थांबली. हळूच म्हणाली, “ताई, पोर पाच वर्सांचं झालं. मग झंपरला डाग कसला?” एका बाजूच्या बोंडातून रक्ताळ पाणी येत होते. चार महिने तिने ते लपवले होते. कोणी बाधा म्हणे, कोणी पाप. असा प्रश्न आपल्या मंडळीतल्या भगिनींनाही पडू शकतो, म्हणून हे लिहीत आहे.

स्तनातून येणारा प्रत्येक स्राव कर्करोगाचा नसतो. बहुतेक वेळा कारण साधे असते. गरोदरपणात चीक येतो. अंगावरचे दूध तोडल्यावरही काही महिने थेंब येतात. त्यानंतरही दोन्हीकडून दुधासारखा स्राव आला, तर थायरॉईड, मेंदूतील पिट्युटरी ग्रंथी किंवा मानसिक आजारावरची, उलटीवरची काही औषधे कारण असू शकतात. चाळिशीनंतर दाबल्यावर येणारा हिरवट-तपकिरी चिकट स्राव बहुधा दूधनलिका रुंदावल्याने येतो. ताप, ठणका आणि पू असेल तर ते गळू. त्यावर लगेच उपचार हवेत.

मात्र न दाबता आपोआप, एकाच बाजूने, एकाच छिद्रातून रक्ताचा किंवा पाण्यासारखा स्वच्छ स्राव आला, तर थांबू नये. बहुधा ती नलिकेतली साधी गाठ निघते, पण कर्करोग नाही याची खात्री तपासणीनेच होते. सोबत गाठ असेल, बोंड आत ओढले गेले असेल किंवा स्राव पुरुषाला येत असेल, तरीही तसेच. पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये. त्याने स्राव वाढतो. डॉक्टर हाताने तपासतात, मग सोनोग्राफी, वयानुसार मॅमोग्राफी आणि गरज पडल्यास तुकडा काढून तपासणी होते.

लूककृत शुभवर्तमानाच्या 8 व्या अध्यायातली स्त्री बारा वर्षे रक्तस्रावाने पीडित होती. ती गर्दीत लपून आली. प्रभूने तिला दोष दिला नाही. ‘मुली’ म्हणून हाक मारली.

आमच्या भगिनीला मी कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात नेले. पुढच्या तपासण्या बाकी आहेत आणि दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाईल. त्याआधी त्या पूर्ण व्हाव्यात म्हणून प्रार्थना करा. ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस तिच्यासोबत यावे. प्रवासखर्च देता येतो, पण दवाखान्याच्या रांगेत आपले माणूस शेजारी असणे तिला जास्त हवे आहे.