मांजर घरातली, मग पिसवा कोठल्या?

आपल्या भंडारा जिल्ह्यात धान पिकते. धान घरात आले की त्यामागे उंदीर येतात. म्हणून पुष्कळ घरी मांजर असते. ती चुलीजवळ निजते, पोरांच्या वाकळेत शिरते, आजीच्या मांडीवर बसते. हळूहळू ती घरचीच होऊन जाते.

एकदा साकोलीकडच्या एका गावात आम्ही अशाच घरी गेलो होतो. सपरीत बसलो तोच पायांना चावे बसू लागले. घरच्या बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "काय सांगू भाऊ, घरभर पिसवाच पिसवा झाल्या. आमची मांजर तं उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही. मंग ह्या आल्या कोठून?"

प्रश्न अगदी खरा आहे. त्याचे उत्तर नीट कळले तर पिसवा जातात. घाईने भलताच उपाय केला तर पिसवा राहतात आणि मांजरच जाते. म्हणून आधी पिसू ओळखू या.

पिसू येते कशी?

पिसवेला पंख नसतात. पण तिचे मागचे पाय फार जोरकस असतात. त्यांच्या बळावर ती लांब उडी मारते. तिचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असते, म्हणून ती केसांतून सरसर पळते. रक्त हेच तिचे अन्न.

मांजर बाहेर गेली नाही, तरी कुत्रे दारात येऊन बसते. उंदीर भिंतीच्या बिळातून आत येतात. दुसऱ्या घरची मांजर रात्री कवेलूंवरून उतरते. आपल्या धोतराला, लुगड्याला चिकटूनही एखादी पिसू घरात येते. पोटात अंडी असलेली एक पिसू आली तरी पुरे.

मांजरीच्या अंगावर थोड्या, घरात फार

पिसू मांजरीच्या अंगावर अंडी घालते. भरात आलेली मादी एका दिवसात 40 ते 50 अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असतात. मांजर चालली, उठली, अंग झाडले, की ती खाली पडतात. जेथे मांजर निजते तेथे ती जास्त पडतात.

थोड्या दिवसांत अंड्यांतून बारीक, पांढुरक्या अळ्या निघतात. त्यांना उजेड सोसत नाही. त्या जमिनीच्या भेगांत, पोत्यांखाली, वाकळेच्या घडीत, खाटेखालच्या धुळीत लपतात. पुढे अळी आपल्याभोवती कोश विणते. कोशाला धूळ चिकटते, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. उष्ण आणि दमट हवेत अंड्यापासून पिसू व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात. पण कोशातली पिसू कित्येक महिने दबा धरून राहू शकते. जवळ पावलांचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली, की ती बाहेर उडी घेते. म्हणूनच बंद पडलेले घर उघडले, की पहिल्याच दिवशी पिसवा तुटून पडतात.

यावरून काय कळले? मांजरीच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या. अंडी, अळ्या आणि कोश मिळून बाकीची फौज घरात असते. नुसती मांजर धुतली तर काम अर्धेही होत नाही.

पिसवा आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे?

मांजरीच्या मानेचे व शेपटीजवळचे केस विंचरा. काळे बारीक कण निघतील. ते ओल्या पांढऱ्या फडक्यावर ठेवा. कणाभोवती तांबूस डाग पडला, तर ती पिसवेची विष्ठा. त्यात मांजरीचेच रक्त असते.

मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे दिसले, तर तिच्या पोटात जंत आहेत. अंग चाटताना मांजर पिसू गिळते, त्यातून हे चपटे जंत होतात. लहान मूल चुकून पिसू गिळेल, तर त्यालाही ते होऊ शकतात. लहान पिल्लाचे रक्त पिसवा इतके पितात, की त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. असे पिल्लू दगावते. त्याला लगेच दवाखान्यात न्या.

बैलाचे औषध मांजरीला नको

त्या बाईंनी आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. "हिच्या आधी एक मांजर होती. तिलाही पिसवा झाल्या. मालकांनी बैलाच्या गोचिडाचे औषध तिला चोळले. रातभर थरथर कापली. पहाटे गेली." सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

मालकांचा हेतू वाईट नव्हता. पण बैलाला जे सोसते, ते मांजरीला सोसत नाही. परमेथ्रिनसारखे औषध मांजरीच्या शरीरात लवकर विरघळून निकामी होत नाही. शिवाय मांजर सारखी अंग चाटते, त्यामुळे लावलेले सारे पोटात जाते. म्हणून गोचिडाचे औषध, कुत्र्याची पावडर, धानावर फवारायचे औषध, फिनेल, रॉकेल, यातले काहीही मांजरीला लावू नका.

आता आपल्याला वाचता येते. बाटली हाती घ्या आणि चिठ्ठी वाचा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन हे नाव दिसले, तर बाटली मांजरीपासून दूर ठेवा. चुकून लागलेच आणि मांजरीची लाळ गळू लागली, अंग कापू लागले, तर कोमट पाण्याने व साध्या साबणाने तिला धुवा. बाटली बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

मग करावे काय?

मांजर आणि घर, दोन्ही एकाच दिवशी साफ करा. उवा काढायच्या बारीक फणीने मांजर विंचरा. फणी दर खेपेस साबणाच्या पाण्यात बुडवा. त्यात पिसवा बुडून मरतात. मानेवर टाकायचे थेंब मिळतात. ते खास मांजरीचे असावेत आणि तिच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी दिलेले असावेत.

घरातली पोती, खाट, पेटी हलवा. कोपरे झाडा. केर दूर नेऊन जाळा. वाकळ, गोधड्या उकळत्या पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. जमिनीच्या भेगा मातीने बुजवा, मग सारवा. मांजरीला निजायला एकच पोते द्या आणि ते दर आठवड्याला धुवा. कोशातल्या पिसवा मागाहून निघत राहतात. त्या दिसल्या म्हणून हात टेकू नका. निदान दोन-तीन महिने हेच चालू ठेवा.

उंदरांकडेही लक्ष असू द्या

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे महाराष्ट्रभर पसरला. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला. 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या. तेव्हा रोग कसा पसरतो, हे कोणाला ठाऊक नव्हते. 1898 साली सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखवले, की उंदरावरची पिसू हा रोग नेते. उंदीर मेला, की त्याच्या पिसवा दुसरे ऊबदार अंग शोधतात.

मांजरीची पिसू निराळ्या जातीची. ती दिसली म्हणून प्लेगची भीती धरू नका. मात्र गावात एकाएकी उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका. आरोग्य केंद्रात कळवा.

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. सपरीत तासभर बसलो. पाय एकदाही खाजवावा लागला नाही. मांजर धुतलेल्या पोत्यावर निजली होती. बाई हसून म्हणाल्या, "आता बाटली आली का आधी मी वाचतो, मंगच हात लावू देतो."

ध्यानात ठेवा

1. पिसवा मांजरीवर थोड्या, घरात फार.
2. मांजर व घर एकाच दिवशी साफ करावे.
3. बैलाचे, कुत्र्याचे, शेतीचे औषध मांजरीला लावू नये.
4. औषधाची चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.