ऊन पडल्यावर उमलणारा किनारा

आपल्याकडे कासचं पठार फुलतं, त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर वसंत अवतरलेला असतो. केप टाउनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर वेस्ट कोस्ट नॅशनल पार्क आहे, १९८५ सालचं. त्याचा पोस्टबर्ग हा भाग वर्षभर बंद असतो; पर्यटकांना तो फक्त ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये खुला होतो.

या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो. कोरड्या उन्हाळ्यात बिया रेताड जमिनीत दडून बसतात. पावसानं त्यांना अंकुर फुटतात आणि ऊन तापू लागण्याआधी रोपांना फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. त्यामुळे सगळीच घाई एकदम दिसते: पांढरा, केशरी, पिवळा रंग थेट समुद्राच्या खडकांपर्यंत.

इथली पांढरी रेन डेझी जरूर खाली बसून पाहावी. पाकळ्या वरून शुभ्र, देठाशी जांभळं वलय, मागची बाजू जांभळट. ढग आले की फूल मिटतं, आणि मघाशी पांढरंशुभ्र दिसणारं रान मळकट होऊन जातं. एकाच फुलात दोन तऱ्हेच्या बिया धरतात. काही चपट्या, पंखवाल्या, वाऱ्याबरोबर जाणाऱ्या. बाकीच्या सडपातळ, खरबरीत. पुढच्या पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखात एवढी तजवीज लागतेच.

याच फुलांमध्ये एलंड चरत असतात. अँटिलोप म्हणजे कुरंगांमधल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी हा एक, अंगानं बैलासारखा. चालताना त्याच्या पायांतून टकटक आवाज येतो. झेब्रे दिसतात, शहामृगं दिसतात, रस्ता ओलांडणारी कासवं तर गाडी थांबवायलाच लावतात. मला मात्र बाँटेबॉकचं अप्रूप अधिक. पांढऱ्या कपाळाचं हे तपकिरी हरीण शिकारीनं जवळजवळ संपलं होतं. १९३१ मध्ये त्याच्यासाठी वेगळं उद्यान काढलं, तेव्हा त्यात अवघी सतरा जनावरं होती.

उद्यानाच्या मधोमध लांगेबानची खाडी आहे. तिला एकही नदी मिळत नाही, सगळं पाणी समुद्राचं. ओहोटी लागली की उघड्या पडणाऱ्या चिखलावर सप्टेंबरपासून सैबेरियाहून आलेले कर्ल्यू सँडपायपर उतरू लागतात. हाच पक्षी आपल्या ठाणे खाडीतही हिवाळा काढतो. दोन्ही खाड्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहेत. लांगेबान १९८८ पासून, ठाणे २०२२ पासून. लांगेबानच्याच काठी १९९५ मध्ये भूशास्त्रज्ञ डेव्हिड रॉबर्ट्स यांना सुमारे १ लाख १७ हजार वर्षांपूर्वीचे मानवी पाऊलठसे सापडले. ते आता केप टाउनच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

पोस्टबर्ग दहा महिने बंद ठेवण्याचा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. बी जमिनीत असताना माणसांचे पाय तिथे पडू नयेत, हे कासबाबतही तितकंच खरं आहे.

जाणाऱ्यांनी शनिवार-रविवार टाळावा. सकाळी दहाच्या आत पोहोचून उपयोग नाही, फुलं झोपलेली असतात. दुपारी साडेतीननंतर ती पुन्हा मिटू लागतात. ती सूर्याकडे तोंड करून उभी राहतात आणि तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. तेव्हा सूर्य पाठीशी ठेवून, दक्षिणेकडे पाहत हिंडा. आणि आभाळ भरून आलं असेल, तर त्या दिवशी जाऊच नका.